किंग हेन्री मार्गावरील दहा क्रमांकाचे घर

घरांची खरेदीखते वाचण्याचा ज्यांना प्रसंग आला आहे त्यांना हे ठाऊक असेल की, त्या कागदांत ठळकपणे दोनच माणसांची नावे येतात: लिहून देणाराचे आणि लिहून घेणाराचे. चतुःसीमा सांगताना शेजाऱ्याचे नाव ओझरते येऊन जाते. साक्षीदार खाली सही करतात किंवा अंगठा उठवतात. परंतु त्या घरातील एखाद्या खोलीत भाड्याने राहून जो कोणी रात्ररात्र वाचीत बसला असेल, त्याचे नाव त्या कागदावर यावयाचे काही कारण नसते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली लंडनच्या वायव्येकडील एका उपनगरी वस्तीत जे घर विकत घेतले, त्याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा ही साधी गोष्ट आमच्या मनात प्रथम आली. ज्या माणसासाठी हे घर घेतले गेले तो ह्या घराचा मालक कधीच नव्हता. तो तेथे विद्यार्थी म्हणून, भाडे देऊन, १९२१-२२ च्या सुमारास राहत होता. आणि त्याच्या भाड्याच्या पावत्यांपेक्षा त्याच्या उसनवारीचा हिशेब मोठा होता.

घर किंग हेन्री मार्गावर आहे, क्रमांक दहा. भाडेकरू होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

घराकडे वळण्यापूर्वी वस्तीकडे पाहिले पाहिजे, कारण घराची किंमत ही निम्मी-अधिक वस्तीची किंमत असते. प्रिमरोझ हिल आणि चॉक फार्म ह्या नावांनी ओळखला जाणारा हा भाग एकेकाळी शेते व कुरणे ह्यांचा होता. येथील जमिनीचे जुने नाव चाल्कॉट्स. त्याचाच अपभ्रंश होऊन चॉक फार्म हे नाव रूढ झाले. इंग्लंडचा राजा सहावा हेन्री ह्याने १४४० साली ईटन येथे शाळा स्थापन केली, आणि काही वर्षांनी ही जमीन त्या शाळेच्या पदरात पडली. पुढे लंडन शहर जसजसे उत्तरेकडे सरकले तसतशी ईटनच्या व्यवस्थापकांना आपल्या कुरणांची खरी किंमत कळू लागली. १८३७ साली लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग सुरू झाला. त्याचा बोगदा ह्याच टेकडीखालून गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर येथे दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर घरांच्या रांगा उठल्या, आणि रस्त्यांना नावे देण्याची वेळ आली तेव्हा शाळेने ती आपल्याच संसारातून दिली. ईटन मार्ग, प्रोव्होस्ट मार्ग, फेलोज मार्ग, आणि संस्थापक राजाचा किंग हेन्री मार्ग. जवळच ऑपिडन्स नावाचा रस्ता आहे. ईटनमध्ये जे विद्यार्थी शाळेच्या खर्चाने आत राहत नसत, पदरचे पैसे देऊन बाहेर गावात राहत, त्यांना ऑपिडन म्हणत. एका गरीब परदेशी विद्यार्थ्याचे बिऱ्हाड नेमके त्या रस्त्याच्या शेजारी पडावे, हा योग कोणी जुळवून आणलेला नाही. पण शाळामास्तराच्या नजरेतून तो सुटत नाही. एखादी शाळा पाचशे वर्षे जमीनदारी करते आणि लंडनच्या नकाशावर आपल्या वर्गांची व अधिकाऱ्यांची नावे लिहिते, हे वाचून ज्यांना दर पावसाळ्याआधी शाळेच्या कौलांसाठी वर्गणी गोळा करावी लागते त्यांना काय वाटेल, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

ही वस्ती मूळ सुखवस्तू मध्यमवर्गासाठी बांधली गेली. शेजारच्या रीजंट्स पार्क मार्गावर फ्रीड्रिख एंगेल्स १८७० पासून जवळजवळ पंचवीस वर्षे राहिला आणि कार्ल मार्क्स त्याच्याकडे चालत येत असे. कवी येट्सचे बालपणातील काही दिवस येथील फिट्झरॉय मार्गावर गेले. परंतु विसावे शतक उजाडल्यावर अशा उपनगरांचे जे सगळीकडे होते तेच येथेही झाले. सधन कुटुंबे आणखी दूर, आणखी हिरव्या उपनगरांत गेली. मोठमोठी घरे मजल्यांत आणि खोल्यांत विभागली गेली. विधवा व प्रौढ कुमारिका ह्यांनी त्यांत खानावळी व बिऱ्हाडे चालवली. वस्ती उतरणीला लागली नसती तर एका निष्कांचन हिंदी विद्यार्थ्याला तेथे खोली परवडली नसती. ज्या घराची किंमत पुढे एकतीस लाख पौंड झाली, त्यात तो राहू शकला तो त्या घराच्या वाईट दिवसांमुळे.

तो निष्कांचन होता हे विशेषण आम्ही अलंकार म्हणून वापरलेले नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परत यावे लागले होते. त्यानंतर मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, नवल भथेना ह्या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले. लंडनमधील त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन धनंजय कीरांनी चरित्रात केले आहे: सकाळी लवकर उठून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाणे, दुपारच्या जेवणाला फाटा देणे, दार बंद होईपर्यंत वाचणे, रात्री बिऱ्हाडी आल्यावर घरमालकिणीने दिलेल्या अपुऱ्या अन्नावर, आणि कोणी ओळखीच्याने दिलेल्या पापडांवर, भूक मारून पुन्हा वाचणे. किंग हेन्री मार्गापासून म्युझियम चारएक किलोमीटर आहे. ह्या कष्टांतून १९२१ साली त्यांना लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध झाला. त्याबद्दल १९२३ मध्ये डी. एस्सी. देण्यात आली. बॅरिस्टरीचा अभ्यासही ह्याच काळातला.

पण भाड्याच्या खोलीचा हा प्रसंग एकट्याने वाचला तर त्यातील खरी गोष्ट हातून निसटते. त्याच्या शेजारी बडोद्याचा प्रसंग ठेवला पाहिजे. १९१७ साली लंडनहून परतल्यावर कराराप्रमाणे नोकरी करण्यास आंबेडकर बडोद्यास गेले. अमेरिकेची पदवी, लंडनचा अभ्यास, संस्थानची नोकरी, हे सगळे पदरी असताना त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. हिंदू खानावळी त्यांना बंद होत्या. एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, दीड रुपया रोज भाड्याने ते वरच्या मजल्यावर राहिले. त्या ओसाड माळ्यावर मोडके सामान भरलेले होते आणि सोबतीला दुसरा प्रवासी नव्हता. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन वर चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडावयास सांगितले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन परिचित त्यांनी विचारून पाहिले; दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. काही तास कामाठी बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. हा वृत्तान्त त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि त्यांच्या लेखनात आम्हांला ह्या काही पानांइतके शांत व इतके बोचणारे दुसरे काही आढळलेले नाही.

हे लक्षात घेतले म्हणजे किंग हेन्री मार्गावरील खोलीचे भाडे निराळ्या मापाने मोजावे लागते. तेथील घरमालकीण प्रेमळ होती असे कोणीच म्हटलेले नाही. ती पैसे घेत होती आणि खोली देत होती, एवढेच. परंतु बडोद्यास पैसे देऊ करूनही जी गोष्ट मिळत नव्हती, ती येथे पैसे देऊन मिळत होती. बाजार हा निर्दय असतो हे खरे. पण बाजारात उभे राहण्याचीच ज्याला बंदी आहे, त्याला बाजाराची निर्दयताही हवीशी वाटावी, अशी स्थिती आपल्या समाजाने करून ठेवली होती.

पुढचा भाग मुंबईत घडतो, आणि तो लंडनच्या कथेहून आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८९६ च्या प्लेगाने मुंबईची दाट वस्ती हादरली. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ह्या ट्रस्टने दोन प्रकारची कामे केली. एकीकडे कामकरी लोकांसाठी चाळी उठवल्या. दुसरीकडे शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी व खाचरे संपादन करून रुंद रस्ते, मोकळ्या बागा आणि ठरावीक उंचीची घरे अशी आखीव उपनगरे वसवली. पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी ही त्याच आखणीची अपत्ये. येथे नोकरदार मध्यमवर्ग आला, त्याच्यामागून शाळा आल्या, महाविद्यालये आली. किंग जॉर्ज हायस्कूल म्हणून नावारूपास आलेली आणि पुढे राजा शिवाजी विद्यालय झालेली शाळा ह्याच हिंदू कॉलनीतली. रुईया महाविद्यालय १९३७ साली जवळच माटुंग्यास निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या वाङ्मयीन व शैक्षणिक जीवनात ह्या दीड-दोन मैलांच्या परिसराला केवढे स्थान आहे, हे वाचकांना निराळे सांगावयास नको.

आंबेडकर ह्या ट्रस्टच्या दोन्ही अंगांचे रहिवासी. परळच्या पोयबावडीवरील ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत, त्यांचे कुटुंब वीसहून अधिक वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह, बहिष्कृत भारत, गोलमेज परिषदेची पहिली निमंत्रणे, हे सारे चाळीच्या दिवसांतले. त्यानंतर त्याच ट्रस्टने आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी जागा घेऊन, कर्ज काढून, घर बांधले आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते तेथे राहावयास गेले. नाव ठेवले राजगृह. मगधाच्या प्राचीन राजधानीचे. घराची आखणी करताना माणसांपेक्षा पुस्तकांचा विचार अधिक झाला होता. बडोद्यास ज्याला धर्मशाळेतून हाकलले तो गृहस्थ स्वतःच्या ग्रंथांना मजला बांधून देतो, ह्यात आम्हांला एक प्रकारचे उत्तर दिसते. मात्र ते त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. रमाबाईंना ह्या घराचे सुख फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले.

ह्याच सुमारास आंबेडकरांनी आणखी एक इमारत बांधली होती. तिचे नाव चार मिनार. १९४१ मध्ये ती विकली गेली. कर्ज फेडावयाचे होते आणि पुस्तके घ्यावयाची होती, असे कारण सांगतात, आणि ज्यांनी त्यांचे ग्रंथप्रेम जाणले आहे त्यांना ते सहज पटेल. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा व्यवहार महत्त्वाचा आहे. कारण आंबेडकरांचे नाव लिहून देणार म्हणून ज्या घराच्या कागदावर आले, ते हे घर. ह्या घरासाठी कोणी निधी जमवला नाही, शिष्टमंडळ गेले नाही, कोनशिला बसली नाही. मालकाने विकलेले घर विस्मृतीत जाते आणि भाडेकरूने सोडलेले घर स्मारक होते, असा हा उलटा न्याय आहे.

लंडनचे घर २०१४ च्या सुमारास विक्रीस निघाले तेव्हा त्यावर आंबेडकरांच्या वास्तव्याची निळी पाटी होती. त्या पाटीवर त्यांना सामाजिक न्यायाचा कैवारी म्हटले आहे. इंग्लंडमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी ही बातमी महाराष्ट्र शासनाच्या कानावर घातली आणि मुंबईत चक्रे फिरली. २०१५ साली एकतीस लाख पौंडांच्या आसपास, म्हणजे आपल्या तीस कोटींहून अधिक रुपयांना, शासनाने ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते.

एवढी रक्कम योग्य होती काय? ही बातमी प्रथम वाचली तेव्हा आमचा कल नकाराकडे होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेवढ्या पैशात मागास जिल्ह्यांत किती वसतिगृहे उभी राहिली असती, हा हिशेब आमच्याप्रमाणे पुष्कळांनी मनात केला असेल. पण त्याच उत्तर लंडनमधल्या दुसऱ्या एका घराची आठवण झाली आणि नकार ढिला पडला. अडीच-तीन मैलांवरील हायगेट उपनगरात क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे घर आहे. श्यामजी कृष्णवर्मा ह्यांनी ते घेऊन १९०५ साली तेथे हिंदी विद्यार्थ्यांसाठी इंडिया हाउस हे वसतिगृह उघडले. १९०६ पासून विनायक दामोदर सावरकर तेथे राहत होते. १९०९ च्या वायली वधानंतर वसतिगृह मोडले आणि पुढे घर विकले गेले. त्यावर सावरकरांच्या नावाची पाटी आहे. घर मात्र खासगी मालकीचे झाले. मग गुजरातेत कच्छमधील मांडवी येथे, श्यामजींच्या जन्मगावी, त्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधावी लागली. २०१० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. प्रतिकृती पाहून येणारा माणूस समाधानाने परततो हे खरे, पण मांडवीच्या उन्हात उभ्या असलेल्या त्या विलायती विटांच्या घराला लंडनची वस्ती नाही, धुके नाही, म्युझियमपर्यंतचा रस्ता नाही. घर आपल्या जागेवरून हलवता येत नाही, हीच त्याची किंमत.

घराची किंमत कोण आणि कशी ठरवतो ह्याविषयी आम्ही राहतो त्या भागाला एक कडू अनुभव आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. आमच्या जोयडा तालुक्याचे नाव पूर्वी सुपे होते. काळी नदीवर धरण झाले आणि सुपे गाव, तालुक्याचे ठाणे, पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि तालुक्याने नाव बदलले. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याप्रमाणे मोबदला द्यावयाचा तो बाजारभावाने, आणि त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल शेकडा पंधरा अधिक. १९८४ च्या दुरुस्तीने पंधराचे तीस झाले. बाजारभाव ठरवताना आसपासच्या विक्रीचे दाखले पाहतात. परंतु ज्या गावात घर बापाकडून मुलाकडे जाते, कोणी ते विकत नाही आणि कोणी विकत घेत नाही, तेथे विक्रीचा दाखला आणावयाचा कोठून? न विकल्या गेलेल्या घराला कागदावर भावच नसतो. किंग हेन्री मार्गावर विक्रीचे दाखले भरपूर, म्हणून भाव तीस कोटी. नंदिगड्ड्यासारख्या सुपारीच्या बागांतील खेड्यात दाखले नाहीत, म्हणून भाव किरकोळ. एकतीस लाख पौंडांचा आकडा ऐकून आम्ही प्रथम दचकलो त्याचे मूळ कदाचित ह्यातच असेल.

असो. लंडनच्या घराचा व्यवहार खरेदीने संपला नाही. इंग्लंडात १९४७ च्या नगररचना कायद्यापासून घराचा उपयोग बदलावयाचा तर स्थानिक परिषदेची परवानगी लागते. मालकी ही निराळी गोष्ट आणि वापर निराळा. राहते घर संग्रहालय करावयाचे तर कॅम्डन परिषदेची संमती हवी होती, आणि ती उद्घाटनापूर्वी घेतलेली नव्हती. मागाहून अर्ज केला तो २०१८ मध्ये फेटाळला गेला. कारण असे दिले की, ह्या भागात घरांची टंचाई असता एक राहते घर कमी करणे परिषदेच्या धोरणाविरुद्ध आहे. काही शेजाऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीची आणि गोंगाटाची तक्रार केली. आपल्याकडील पुष्कळांना ह्यात द्वेष दिसला. आम्हांला तो तेवढ्या सहज दिसत नाही. ज्या शहरात मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला छप्पर मिळत नाही, त्या शहराने राहत्या घराचा हिशेब ठेवावा ह्यात गैर काय? शंभर वर्षांपूर्वी स्वस्त खोली शोधणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या बाजूने विचार केला, तरी परिषदेच्या म्हणण्यात काही अर्थ उरतोच. घाई आपल्या बाजूची होती. आधी परवानगी आणि मग फीत कापणे, हा क्रम आपण उलटा केला.

तरीही निकाल घराच्या बाजूने लागावयास हवा होता, असे आमचे मत आहे. आणि तो तसाच लागला. महाराष्ट्र शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये लंडनमध्ये त्याची जाहीर चौकशी झाली. वकिलांनी बाजू मांडल्या, शेजाऱ्यांना बोलू दिले गेले, आणि बारा कोटी लोकवस्तीच्या राज्याचे शासन एका उपनगरी परिषदेपुढे सामान्य अर्जदारासारखे उभे राहिले. चौकशी अधिकाऱ्याने संग्रहालयास अनुकूल शिफारस केली. गृहनिर्माण खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक ह्यांनी १२ मार्च २०२० रोजी ती मान्य केली. एका राहत्या घराचा तोटा होतो हे त्यांनी नाकारले नाही. त्या तोट्यापेक्षा ह्या वारशाचे महत्त्व अधिक भरते, असा निर्णय दिला.

परवानगी मिळून अकरा दिवस झाले नाहीत तोच, २३ मार्चला, महामारीमुळे सारे लंडन घरात बसले आणि संग्रहालयास जाणे-येणे आपोआपच थांबले. त्याच वर्षी ७ जुलैच्या संध्याकाळी, मुंबईही बंद असताना, दादरच्या राजगृहाच्या आवारात शिरून कोणी कुंड्या फोडल्या, खिडकीची काच फोडली. बातमी पसरताच ठिकठिकाणचे लोक तिकडे निघण्याच्या बेतात होते. प्रकाश आंबेडकर ह्यांनी, कोणीही राजगृहाकडे येऊ नये, शांत राहावे, असे आवाहन केले. आणि रात्रभर त्या गल्लीत पोलिसांचा पहारा होता.